बंदोबस्ताचा खर्च कोणाच्या माथी?

(मीरा-भाईंदर येथे शिक्षक, शासकीय अधिकारी आणि ठाणे जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



गावात तंटा वाढला, दगडफेक झाली, दुकाने बंद पडली, की आपण सर्वजण एकच मागणी करतो : जादा पोलीस पाठवा, राखीव दल पाठवा, प्रसंगी लष्कर बोलवा. ही मागणी रास्त असते. घर जळत असताना पाण्याचा दर कोणी विचारीत नाही. परंतु आग विझल्यानंतर तरी तो विचारला पाहिजे. बाहेरून आलेल्या त्या सशस्त्र माणसांचा पगार, प्रवास, निवास आणि भोजन यांचा खर्च कोणी दिला? शासनाने, असे उत्तर येते. शासन म्हणजे कोण, हा पुढचा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. आज मी त्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे.

हा विषय या गावी मांडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण अलीकडचे आहे. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री मीरा रोड येथील नया नगर परिसरात दोन गटांत संघर्ष झाला. त्यानंतर स्थानिक पोलिसांच्या जोडीला बाहेरून कुमक आली आणि केंद्राच्या शीघ्र कृती दलाचे जवान येथील रस्त्यांवर उभे राहिले. त्या दिवसांची आठवण आपणांपैकी अनेकांना आहे. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. त्यात मी शिरत नाही. दुसरे कारण अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे आणि ते फारसे कोणाच्या स्मरणात नाही. बोलाविलेल्या सैन्याच्या मोबदल्यात जी भूमी एकेकाळी कागदावर लिहून दिली गेली, तिच्यावरच आपण या क्षणी बसलो आहोत.

सैन्याच्या मोबदल्यात साष्टी

मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचे उत्तर टोक. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला, अलीकडे धारावीचे ठाणे आणि पूर्वेला घोडबंदर. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी हा प्रदेश पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. त्यासाठी धारावीच्या आणि वसईच्या तटांखाली किती रक्त सांडले, हे येथील शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे पस्तीसच वर्षांत चित्र पालटले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खून करणारे गारदी हे वाड्याच्या पहाऱ्यासाठी ठेवलेले पगारी शिपाई होते, आणि थकलेल्या पगाराचे निमित्त करून ते आत शिरले होते. रक्षणासाठी ठेवलेल्या माणसाचा पगार थकला म्हणजे काय घडू शकते, याचे याहून विदारक उदाहरण आपल्या इतिहासात नाही.

त्यानंतर बारभाईंनी रघुनाथरावांना पदच्युत केले, आणि गादी परत मिळविण्यासाठी त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे सैन्य मागितले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी सुमारे अडीच हजार सैनिक द्यावेत. रघुनाथरावांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत. तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर ठेवावे. शिवाय साष्टी, वसई आणि लगतची बेटे इंग्रजांच्या स्वाधीन करावीत, अशा त्याच्या अटी होत्या. वास्तविक डिसेंबर १७७४ मध्येच इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीत पाय रोवला होता. तहाने त्या कबजावर आपल्याच माणसाच्या सहीचे शिक्कामोर्तब केले.

यातील हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. सैन्य बोलाविले एका माणसाने, आपल्या गादीसाठी. किंमत दिली साष्टीच्या शेतकऱ्याने, कोळ्याने आणि मिठागरावरील मजुराने, कारण त्यांचा सारा यापुढे दुसऱ्याच खजिन्यात जाणार होता. त्यांना कोणी विचारले नव्हते. १७७६ च्या पुरंदरच्या तहात तर पुणे दरबारने इंग्रजांना युद्धखर्चापोटी बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले. म्हणजे आपल्याविरुद्ध आणलेल्या सैन्याचा खर्चही आपल्याच माथी आला! १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली.

तैनाती फौजेचा धडा

जे एकदा घडले तेच पुढे रीतसर पद्धत बनले. खाडीपलीकडे वसई येथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पराभव केल्यामुळे तो पुण्यातून निघून आला होता. सहा हजारांहून कमी नाही इतके कवायती पायदळ इंग्रजांनी कायम ठेवावे आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, असे ठरले. त्या फौजेच्या बळावर बाजीराव १८०३ मध्ये पुण्यात परतला. आणि पंधरा वर्षांनी पेशवाईच राहिली नाही.

तिसरे उदाहरण वऱ्हाडचे आहे. निजामाच्या राज्यात अंतर्गत बंदोबस्त ठेवण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. तिच्यावर हुकूम इंग्रज रेसिडेंटचा चाले आणि पगार निजामाच्या तिजोरीतून जाई. पगार थकला, कर्ज वाढले, आणि त्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ या आजच्या जिल्ह्यांचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला तो रणांगणावरील पराभवामुळे नव्हे. बंदोबस्ताच्या फौजेचे बिल भागले नाही म्हणून.

या तीन उदाहरणांतून एक सूत्र निघते. आपल्या घरातील शांतता राखण्याचे काम जो दुसऱ्यावर सोपवितो, त्याला त्याचा मोबदला द्यावाच लागतो; आणि पैसे नसतील तर अधिकार द्यावा लागतो.

शिक्षा म्हणून बसविलेले पोलीस

इंग्रजी राज्य स्थिर झाल्यावर खर्चाचा बोजा राजाकडून थेट रयतेकडे वळला. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्या भागात अशांतता असेल तेथे जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांकडून वसूल करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १८९५ च्या दुरुस्तीने दंगलीतील नुकसानभरपाईही रहिवाशांवर बसविण्याची सोय झाली. लोक त्या पोलिसांना ‘प्युनिटिव्ह पोलीस’, म्हणजे दंडाचे पोलीस, म्हणत. नावातच हेतू उघड होता.

पुण्याने हा अनुभव १८९७ मध्ये घेतला. प्लेगच्या घरझडतीसाठी गोऱ्या सोजिरांचा वापर झाला. त्या काळात लोकांचा जो अपमान झाला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावरील गोळीबारात झाली. कृत्य मोजक्या तरुणांचे होते. परंतु जादा पोलीस बसले ते सबंध पुणे शहरावर, आणि तेही शहराच्या खर्चाने. प्लेगने घरटी माणसे गेलेली, व्यापार बसलेला, आणि वर हा कर. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या या धोरणावर सडेतोड टीका केली. १९४२ च्या आंदोलनात सामुदायिक दंडाच्या वटहुकमाने हेच तत्त्व अनेक गावांवर लादले गेले.

सामुदायिक खर्चवसुलीत एक मूलभूत दोष आहे. गुन्हेगार पळून जातो. घर सोडून जाऊ न शकणारा म्हातारा, विधवा, शाळामास्तर आणि लहान दुकानदार पैसे भरतात. ज्याने दगड मारला त्याला आणि ज्याने जखमीला पाणी पाजले त्याला एकाच मापाने मोजले जाते.

स्वतंत्र भारतातील तरतुदी

आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत ठेवले. संघराज्याच्या सशस्त्र दलांचा मुलकी सत्तेच्या साहाय्यासाठी होणारा वापर त्यातून वगळला आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने तो संघसूचीत स्पष्टपणे नोंदविला. जमाव पांगविण्यासाठी सशस्त्र दल वापरण्याचा निर्णय मुलकी दंडाधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. बंदूक सैनिकाच्या हाती असली तरी ती बोलाविण्याची जबाबदारी लोकांना उत्तरदायी असलेल्या सत्तेची आहे, हे तत्त्व यामागे आहे. वसईच्या तहातील फौज आणि आजची फौज यांतील खरा फरक तोच आहे.

खर्चाची विभागणी साधारणपणे अशी होते. नेहमीच्या पोलिसांचा आणि राज्य राखीव पोलीस दलाचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो. राज्याच्या मागणीवरून केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्या आल्या, तर केंद्रीय गृह मंत्रालयाने ठरविलेल्या दराने त्यांचे देयक राज्याकडे येते. खासगी कारणासाठी, उदाहरणार्थ तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमासाठी, जादा पोलीस हवे असतील, तर मागणाऱ्याने शुल्क भरावे, अशी तरतूद १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात आहे. हाच अधिनियम आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. पैसे भरून प्रशिक्षित रक्षक घेण्यासाठी २०१० च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळही स्थापन झाले. असे शुल्क थकले किंवा माफ झाले तर तो भार पुन्हा सर्वसामान्य करदात्यावर येतो. २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर मागील थकबाकीसह कमी करण्यात आले, तेव्हा तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयापुढे नेण्यात आला, तो याच भूमिकेतून.

एक गोष्ट मात्र आपणांस कदाचित आश्चर्याची वाटेल. १८६१ चे जुने तत्त्व पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. अशांत भागात जादा पोलीस नेमण्याची आणि बेकायदेशीर जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई वसूल करण्याची तरतूद १९५१ च्या अधिनियमातही, कलम ५० आणि ५१ मध्ये, ठेवण्यात आली. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा १९६० चा एक निर्णय प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावा. राजस्थानातील झुंझुनू जिल्ह्याच्या काही गावांत सरकारने जादा पोलीस ठेवले, खर्च ग्रामस्थांवर बसविला, परंतु दलित आणि मुस्लिम रहिवाशांना त्यातून वगळले. त्या समाजांतील बहुसंख्य लोक शांततेने राहणारे आहेत, असे कारण सरकारने दिले. न्यायालयाने म्हटले की, शांततेने राहणारे लोक इतर समाजांतही होते. मग सूट केवळ जात आणि धर्म यांवरून का? राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या विरोधी म्हणून ती सूट रद्द झाली. सूट देताना असो वा बोजा टाकताना, माणसाचे वर्तन पाहावे, त्याचा समाज पाहू नये, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

याच विचाराची दुसरी बाजू मुंबई उच्च न्यायालयाने दाखविली. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल २००४ मध्ये न्यायालयाने बंद पुकारणाऱ्या दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी वीस लाख रुपये भरण्यास सांगितले. ज्याने बोलाविले त्याने भरावे, शेजाऱ्याने नव्हे. आज न्याय्य वाटेल अशी वाट हीच आहे.

देयकात न दिसणारा खर्च

आतापर्यंत मी जो खर्च सांगितला तो कागदावर येतो. न येणारा खर्च त्याहून मोठा असतो. महसूल खात्यातील नोकरीच्या काळातला एक अनुभव सांगतो. एका गावात तंट्यानंतर राखीव दलाची तुकडी आली आणि तिची सोय प्राथमिक शाळेत झाली. आठ दिवस शाळा बंद राहिली. तुकडी गेल्यानंतर मुख्याध्यापक माझ्याकडे अर्ज घेऊन आले. चार बाके मोडली होती, पाण्याची टाकी गळू लागली होती, विजेचे बिल तिप्पट आले होते. जवानांचा त्यात दोष नव्हता. साठ माणसे आठ दिवस राहिली की एवढे व्हायचेच. तो अर्ज तीन कार्यालयांत फिरला. प्रत्येक ठिकाणी शेरा पडला की, ही बाब या कार्यालयाशी संबंधित नाही. शेवटी गावानेच वर्गणी काढून बाके दुरुस्त केली. ज्या मुलांचे आठ दिवस बुडाले त्यांच्यासाठी कोणत्याही लेखाशीर्षात तरतूद नव्हती.

याखेरीज बंदोबस्तासाठी पोलीस एका ठिकाणी गेले, की दुसऱ्या ठाण्यातील तपास थांबतो. सलग पहारा देणारा शिपाई स्वतःच्या घरच्या आजारपणाला जाऊ शकत नाही. हातगाडीवाल्याची, रिक्षावाल्याची आणि रोजंदारीच्या कामगाराची कमाई बुडते. घरभाडे मात्र थांबत नाही. आणि कुमक येऊनही वेळेवर वापरली गेली नाही, तर खर्च होतो आणि रक्षण होत नाही. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने, लष्कराचा उपयोग मुख्यतः संचलनापुरता झाला, असे नमूद केले होते.

भिवंडीने दाखविलेला मार्ग

मग उपाय कोणता? तो आपल्याच जिल्ह्यात सापडतो. भिवंडी शहर मे १९७० मध्ये दंगलीत होरपळले. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची सविस्तर चौकशी केली. १९८४ मध्ये तेच शहर पुन्हा पेटले. त्यानंतर १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा उपक्रम हाती घेतला. दोन्ही समाजांतील साध्या माणसांनी, केवळ पुढाऱ्यांनी नव्हे, पोलिसांसह नियमितपणे एकत्र बसावे, नळाचे, गटाराचे, रस्त्याचे, पोरांच्या भांडणाचे प्रश्न बोलावेत आणि एकमेकांची तोंडओळख पक्की करावी, अशी त्याची पद्धत होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ती शांतता कोणत्याही तैनाती फौजेने विकत दिलेली नव्हती.

ग्रामीण भागासाठी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचाही गाभा हाच होता. तंटा लहान असताना तो गावातल्या ओट्यावर मिटतो; मोठा झाला की त्याला पलटण लागते.

आपल्या शहराला तर याची अधिक गरज आहे. मीरा-भाईंदर हे अनेक गावे जोडून बनलेले शहर आहे. १२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे काम सुरू झाले. आगरी, कोळी आणि ख्रिस्ती या जुन्या रहिवाशांच्या शेजारी देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे येथे राहतात. एकाच इमारतीतील दोन कुटुंबांची ओळख नसते. अशा ठिकाणी अफवा लवकर पसरते आणि तिला खोटे ठरविणारा ओळखीचा माणूस उशिरा भेटतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. अधिकाऱ्यांनी जादा बंदोबस्त लेखी मागावा, तो किती दिवस होता आणि त्यावर काय खर्च झाला याची नोंद ठेवून ती लोकांपुढे मांडावी, आणि शाळा अथवा समाजमंदिर निवासासाठी घेतल्यास नुकसानीचा पंचनामा त्याच वेळी करावा. पंचायत सदस्यांनी आणि नगरसेवकांनी शांतता समितीची बैठक केवळ सणाच्या आदल्या आठवड्यात न भरविता वर्षभर भरवावी. आणि शिक्षकांनी सुरतेचा तह शिकविताना मुलांना एवढेच विचारावे : त्या तहात आपले गाव कोठे होते?

बंधुभगिनींनो, सैनिक आणि पोलीस हे आपले आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगूनच मी बोललो. त्यांना बोलाविण्याची वेळ येईल तेव्हा विनासंकोच बोलवावे. परंतु त्यांचा खर्च सरकार भरते, असे समजून निश्चिंत राहू नये. रघुनाथरावांच्या काळी या मातीने तो जमिनीच्या रूपाने भरला. पुण्याने दंडाच्या रूपाने भरला. आज आपण कराच्या, बुडालेल्या रोजगाराच्या आणि बंद राहिलेल्या शाळेच्या रूपाने भरतो. तो वाचविण्याची सत्ता मात्र आज आपल्या हाती आहे. साष्टीच्या त्या शेतकऱ्याच्या हाती ती नव्हती. तिचा उपयोग आपण करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.